इंजिन प्यादं देतं तेव्हा नक्की काय मोजतं?

प्रश्न थोडक्यात असा की बुद्धिबळात काळ्याकडून व्होल्गा गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन टाकायची एक ओपनिंग, खेळताना (दुसरं नाव बेन्को, १.डी४ घोडा एफ६ २.सी४ सी५ ३.डी५ बी५ ४.सी४ ने बी५ मारलं ए६) प्यादं दिल्यावर स्टॉकफिश हे इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम) पांढऱ्याला अर्ध्या-पाऊण प्याद्याचा फायदा दाखवत बसतं, प्रत्यक्ष डावात मात्र पांढऱ्याचीच दमछाक होते, आणि तेच इंजिन दुसऱ्या एखाद्या डावात स्वतःहून प्यादं टाकतं आणि वर ०.०० दाखवतं. मग त्याला कॉम्पेन्सेशन (दिलेल्या प्याद्याच्या बदल्यात मिळालेला फायदा) कळतं की नाही, आणि कळत असेल तर मोजतं कसं?

मी गेली बरीच वर्षं हौस म्हणून इंजिन लिहितोय (स्वतःचं एक आहे, फार भारी नाही, पण माझ्यापेक्षा नक्की बरं खेळतं) आणि मुलांना ओपनिंग तयार करून देताना रोज इंजिनशी वाद घालत असतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

जी गोष्ट कळायला मला स्वतःला उशीर लागला ती आधी सांगतो. इंजिनच्या आत कॉम्पेन्सेशन नावाचा कप्पाच नसतो. "प्यादं दिलं" हे आपल्या डोक्यात असतं, कारण दोन चालींपूर्वीचा पट आपल्याला आठवत असतो. इंजिन समोरचा पट जसा आहे तसा बघतं आणि एक आकडा काढतं. दिल्याचं दुःख नाही, वसुलीची घाई नाही. मोहरे, मोकळ्या फाईली (पटावरचे उभे पट्टे), राजाची अवस्था, सगळं एकाच चलनात बदलून बेरीज. म्हणजे कॉम्पेन्सेशन ही आपण बाहेरून केलेली वजाबाकी असते, इंजिनने कधी मोजलेली नसते, आणि ती वजाबाकी नीट करायची असेल तर इंजिनला नीट प्रश्न विचारावे लागतात. नुसता वरचा आकडा वाचून काही कळत नाही.

आता हा आकडा बनतो कसा, तर सगळ्यात जुन्या हिशोबापासून बघा. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली छापलेल्या लेखात एक नमुन्याचा फॉर्म्युला दिलेला आहे. राजा २००, वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादं १. मग डबल प्यादं, एकटं पडलेलं प्यादं, मागे राहिलेलं प्यादं, प्रत्येकी अर्धा वजा. आणि करता येणाऱ्या प्रत्येक चालीमागे ०.१ जमा. बास. पण एवढ्यातसुद्धा गॅम्बिटची सगळी कल्पना येऊन जाते, कारण याचा अर्थ असा की समोरच्यापेक्षा दहा चाली जास्त उपलब्ध असतील तर एक प्यादं वसूल.

हे खरोखर मोजून बघायला मजा येते. डॅनिश गॅम्बिट घ्या: १.ई४ ई५ २.डी४, काळ्याने डी४ मारलं, ३.सी३, सी३ मारलं, ४.उंट सी४, बी२ मारलं, ५.उंटाने बी२ परत मारलं. पांढरा दोन प्यादी खाली. पांढऱ्याची चाल आहे असं धरून मी चाली मोजल्या: प्याद्यांच्या ९, घोड्यांच्या ३ आणि ३, बी२ च्या उंटाच्या ७, सी४ च्या उंटाच्या ९, वजिराच्या १४, राजाच्या ३, हत्तींच्या शून्य. एकूण ४८. काळ्याच्या तशाच मोजल्या तर प्याद्यांच्या १४, घोड्यांच्या ५, एफ८ च्या उंटाच्या ५, सी८ चा उंट अडकलेला, वजिराच्या ४, राजाची १. एकूण २९. फरक १९ चा, म्हणजे १.९ प्यादी. ए२ चं प्यादं एकटं पडलंय त्याचे ०.५ वजा. तर हिशोब झाला: उणे २, अधिक १.९, उणे ०.५, म्हणजे पांढऱ्याला -०.६. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागदावरचा फॉर्म्युला दोन प्यादी खाली असलेल्या पटाला फक्त -०.६ देतोय! आणि हे काही फार वेडगळ नाही, कारण काळ्याने ५...डी५ करून प्यादी परत देऊन टाकली की डाव शांत होतो हे पुस्तकांतही आहेच.

गोची अशी की हा १.९ चा फायदा टिकाऊ नाही. काळ्याने दोन घोडे बाहेर काढले, कॅसलिंग केलं की १९ चा फरक ८ वर येईल, आणि गेलेली दोन प्यादी मात्र गेलेलीच. फॉर्म्युल्याला हे माहीत नसतं, त्याच्यासाठी आजचे १.९ आणि वीस चालींनंतरचे १.९ सारखेच. हा फरक कळवायचं काम सर्चचं, म्हणजे पुढच्या चाली खेळून बघण्याचं. जेवढं पुढे बघता येतं तेवढाच फायदा विरघळताना दिसतो, त्यापलीकडचा दिसत नाही. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममधल्या निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात.

माझ्या इंजिनची गंमत सांगतो. सुरुवातीला मी चालींच्या संख्येला वजन जास्त देऊन ठेवलं होतं, आणि ते प्रत्येक डावात हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं. प्यादं दे, उंट मोकळा कर, अजून एक दे, वजीर पटाच्या मधोमध आणून उभा कर, आकडा मस्त +०.४ आणि पुढच्या बारा चालींत सगळं शांत होऊन दोन प्यादी खाली एंडगेम (मोहरे कमी उरलेला शेवटचा टप्पा). मग चिडून वजन एकदम कमी केलं तर ते इतकं कंजूष झालं की राजा उघडा पडला तरी चालेल पण प्यादं सोडणार नाही. मधला आकडा हाताने शोधण्यात माझे दोन महिने गेले आणि शेवटी टेक्सेल ट्यूनिंगवर आलो. टेक्सेल नावाच्या इंजिनच्या लेखकाची ही पद्धत. हजारो डावांतले पट घ्यायचे, प्रत्येकासमोर त्या डावाचा निकाल लिहायचा, आणि आकड्यातून निकालाचा अंदाज जास्तीत जास्त बरोबर येईल अशी सगळी वजनं मशीनलाच शोधू द्यायची. म्हणजे "मोकळ्या फाईलवरचा हत्ती म्हणजे किती प्यादं" याचं उत्तर माणसाच्या मतावर राहत नाही, निकालांवरून येतं.

पण यातही एक चोरवाट आहे, याबद्दल फार कोणी बोलत नाही. हे डाव बहुतेक वेळा इंजिनचेच असतात. इंजिन कंजूष असेल तर त्याच्या डावांत प्यादं दिलेले पट कमी, आणि जे असतात ते बहुतेक चुकून गमावलेल्या प्याद्याचे. त्यावरून ते काय शिकणार? प्यादं खाली म्हणजे हार. मग अजून कंजूष होणार. माझ्या इंजिनने व्होल्गाला पहिल्यांदा न्याय दिला तो मी मुद्दाम गॅम्बिट ओपनिंगमधून काही हजार डाव खेळवून ते डेटात मिसळल्यावर.

स्टॉकफिशसारख्या मोठ्या इंजिनांत २०२० पर्यंत मूल्यमापन हाताने लिहिलेलंच असायचं, फक्त फार बारकाईने. त्यातली एक कल्पना प्याद्याच्या बलिदानासाठी फार महत्त्वाची आहे. मिडलगेमचा (डावाच्या मधल्या टप्प्याचा) आणि एंडगेमचा असे दोन वेगळे आकडे काढायचे आणि पटावर मोहरे किती उरलेत त्या प्रमाणात दोन्हींचं मिश्रण करायचं. २००५ मधे फ्रुट नावाच्या इंजिनने कोड उघडा ठेवून हे फार स्वच्छ करून दाखवलं आणि मग सगळ्यांनीच उचललं. स्टॉकफिशच्या जुन्या कोडमधे प्याद्याची किंमत मिडलगेमला साधारण १२५ आणि एंडगेमला २०५ च्या पुढेमागे होती. म्हणजे वजीर-हत्ती सगळे पटावर असताना प्यादं स्वस्त, आणि मोहरे कमी होत जातील तसं तेच प्यादं महाग! त्यात राजाच्या धोक्याचा हिशोब सरळ बेरजेचा नव्हता, हल्ला करणारे मोहरे वाढले की दंड वर्गाच्या पटीत वाढायचा. त्यामुळे राजावरच्या हल्ल्यासाठी दिलेलं प्यादं जुन्या इंजिनांनाही बऱ्यापैकी कळायचं.

व्होल्गा मात्र या साच्यात बसतच नाही. तिथे काळ्याचा राजावर हल्ला वगैरे काही नाही. ए आणि बी या दोन फाईली अर्ध्या मोकळ्या, जी७ चा उंट त्या लांब कर्णावर बी२ पर्यंत नजर ठेवून, आणि काळ्याची प्याद्यांची साखळी ई७ पासून सुरू होते, तिला टोचायला जागाच नाही. आणि मुख्य म्हणजे वजीर गेले तरी दाब कमी होत नाही, उलट कित्येकदा वाढतो. म्हणजे कॉम्पेन्सेशन एंडगेमपर्यंत टिकणारं आहे, आणि हाताने लिहिलेलं मूल्यमापन नेमकं एंडगेम जवळ आला की प्यादं महाग करत होतं, वर ए२ चं प्यादं मोकळं धावणारं म्हणून त्यालाही बोनस देत होतं. म्हणून जुनी इंजिनं व्होल्गाला हसायची. ती "चूक" सर्चने भरून निघत नव्हती, कारण तिथे पांढऱ्याची बाजू पंचवीस-तीस चाली हळूहळू चेपली जाते, एकदम काही घडत नाही.

मार्शल गॅम्बिटची गोष्ट याच्या उलट. स्पॅनिश ओपनिंगमधे ८...डी५ करून ई५ चं प्यादं सोडायचं, मग आजच्या पद्धतीत ११...सी६. १९१८ साली न्यूयॉर्कला फ्रँक मार्शलने कापाब्लांकावर हे ८...डी५ टाकलं (तेव्हा ११ वी चाल घोडा एफ६ होती) आणि कापाब्लांकाने बोर्डवर बचाव शोधून डाव जिंकला. शंभर वर्षांत लोकांनी त्याचा कीस पाडलाय आणि आजची इंजिनं त्या पटाला जवळपास ०.०० देतात. पण कशामुळे? कॉम्पेन्सेशनची किंमत बरोबर एक प्यादं भरली म्हणून नव्हे. खोल सर्चमधे बहुतेक ओळींच्या शेवटी काहीतरी ठोस सापडतं. प्यादं परत येतं, किंवा दोन उंटांमुळे पांढऱ्याला जिंकायला वाव न उरणारा एंडगेम येतो, किंवा चाली रिपीट होतात. इथे एक युक्ती लक्षात ठेवा, नेमका ०.०० दिसला तर बऱ्याचदा ओळीच्या टोकाला रिपिटिशन असतं. ०.०८ किंवा -०.११ दिसला तर तो खरोखरचा "साधारण बरोबरीत" असा अंदाज असतो. दोन्ही आकडे दिसायला जवळ असले तरी त्यांचा अर्थ वेगवेगळा.

सर्चबद्दल अजून एक. लोक विचारतात की डेप्थ (किती पुढे बघितलं त्याचा आकडा) १५ पर्यंत इंजिन साधी चाल दाखवतं आणि २८ ला एकदम प्याद्याचं बलिदान पहिल्या नंबरावर येतं, हे कसं काय? कारण असं की सगळ्या चाली सारख्या खोल बघितल्या जात नाहीत, तेवढा वेळच नसतो. प्रत्येक चालीचा एक झटपट हिशोब होतो, त्या घरावर मारामारी झाली तर शेवटी कोणाचं किती जाणार. बलिदानाची चाल त्यात सरळ एक प्यादं तोट्यात दिसते. म्हणून ती रांगेत मागे जाते, मागे असल्यामुळे कमी खोल तपासली जाते, आणि झाडाच्या टोकाजवळ तर न बघताच छाटली जाते. म्हणजे शांत बलिदान हे इंजिनच्या दृष्टीने जवळजवळ कचऱ्यातून वर यावं लागतं. ते आलं की मग इतर फांद्यांतही तीच चाल चांगली ठरल्याची नोंद होते, रांगेत पुढे सरकते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एकदम साक्षात्कार झाला. म्हणून पोझिशनल बलिदान तपासताना पाच सेकंदांचा निकाल धरू नका. चाल स्वतः बोर्डवर करा आणि पुढचा पट तपासायला लावा, म्हणजे छाटणीचा प्रश्नच येत नाही.

(प्यादं न घेणं ही पण याचीच दुसरी बाजू. १९९७ च्या कास्पारोव्हविरुद्धच्या मॅचच्या दुसऱ्या डावात आयबीएमच्या डीप ब्लू या मशीनला वजीर बी६ ला नेऊन प्यादी मारायची सोय होती, तरी त्याने ३६ व्या चालीला बी५ ची मारामारी केली आणि ३७ व्याला उंट ई४ वर आणून बसवला, काळ्याला उसंतच द्यायची नाही म्हणून. कास्पारोव्हला त्या वेळी हे मशीनने खेळलेलं वाटेना. सेकंदाला वीस कोटी पट बघणाऱ्या मशीनला प्याद्यापेक्षा घर महत्त्वाचं वाटलं, यात लोकांना धक्का बसला होता.)

मग डिसेंबर २०१७ ला डीपमाइंडचं अल्फाझीरो (स्वतःशी खेळून शिकलेला प्रोग्रॅम) आलं आणि १०० डावांत स्टॉकफिश ८ ला २८ जिंकून ७२ बरोबरीत, एकही हार नाही, असा निकाल लागला. परिस्थिती बरोबरीची होती का यावर तेव्हा बरंच भांडण झालं, ते सोडा, डाव बघण्यासारखे होते. क्वीन्स इंडियनमधे सातव्या चालीला डी५ करून प्यादं द्यायचं, घोडा एच४ वरून एफ५ ला, आणि नंतर काळ्याचे मोहरे घरातच कोंडून ठेवायचे. ही चाल माणसांना आधी माहीत होती, पण इंजिनने ती विश्वासाने खेळलेली कोणी पाहिली नव्हती.

यामागचं कारण आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. अल्फाझीरोला प्याद्याची किंमत कोणी सांगितलीच नव्हती. स्वतःशी खेळून फक्त निकाल, जिंकलो-हरलो-बरोबरी, यावरून त्याचं न्यूरल नेटवर्क (डेटावरून शिकणारं मॉडेल) "इथून सरासरी किती गुण मिळतील" एवढंच सांगतं. प्यादं हे त्याचं चलनच नाही. आपल्याला आणि जुन्या इंजिनांना बलिदान म्हणजे आधी खड्ड्यात उतरून मग वर यायचं असतं, त्याच्यासाठी खड्डाच नसतो. पुढे २०२० मधे त्याच्या डावांवरून मागाहून मोहऱ्यांच्या किमती काढल्या गेल्या, तेव्हा प्यादं १ धरून घोडा ३.०५, उंट ३.३३, हत्ती ५.६३, वजीर ९.५ आल्या. म्हणजे सरासरीत शाळेत शिकवलेलंच निघालं! फरक सरासरीत नव्हता, एकेका पटात होता. आणि त्याचा सर्चही वेगळा, सेकंदाला काही कोटी पट बघायच्या ऐवजी साठ-ऐंशी हजार, पण रांग लावताना "मारामारीत तोटा" हा नियम नाही, नेटवर्कला जी चाल आश्वासक वाटते ती आधी. शांत बलिदान तिथे कचऱ्यात जात नाही.

लीला हे त्याच कल्पनेचं सर्वांसाठी मोफत असलेलं इंजिन, २०१८ पासूनचं. तुमच्यासारख्या प्रश्नाला मी लीलाकडे जातो ते एका गोष्टीसाठी, ती जिंकणे-बरोबरी-हरणे असे तीन आकडे वेगवेगळे देते. ०.०० मधे १० टक्के जिंकणं, ८० बरोबरी, १० हरणं असू शकतं, आणि ३५-३०-३५ सुद्धा असू शकतं. पहिला म्हणजे मेलेला पट, दुसरा म्हणजे दोघांच्याही गळ्याशी आलेला. प्यादं देऊन तुम्ही कुठला ०.०० मिळवताय हे कळणं म्हणजे अर्धं उत्तर. स्टॉकफिशमधेही असे तीन आकडे दाखवायचा पर्याय आहे, पण सावध राहा, तिथे ते आकडा आणि पटावरचं एकूण मटेरियल यांच्यावरून एका सूत्राने काढलेले असतात, त्या विशिष्ट पटात किती गोंधळ आहे हे त्यात येत नाही. कित्येक जण हे न कळता तुलना करत बसतात.

सप्टेंबर २०२० ला स्टॉकफिश १२ मधे एनएनयूई नावाचं नेटवर्क आलं. मूळ कल्पना जपानी बुद्धिबळ शोगीतली, यू नासूची, २०१८ ची. छोटं नेटवर्क, साध्या प्रोसेसरवर चालणारं, आणि एक चाल झाली की सगळं नव्याने न मोजता फक्त बदललेला भाग मोजणारं. त्याच्या पहिल्या रूपात इनपुट होतं "आपला राजा या घरावर असताना हा मोहरा त्या घरावर", असे सुमारे ४१ हजार प्रकार. या एका गोष्टीने प्याद्याची एकच किंमत ही भानगड संपली. एच५ चं प्यादं समोरचा राजा जी८ ला असताना वेगळं आणि सी८ ला असताना वेगळं, हे हाताने लिहायला गेलो तर आयुष्य जाईल. नंतरच्या नेटवर्कना शिकवायला लीलाच्या डावांचा डेटा वापरला गेला, म्हणजे लीलाचा पोझिशनचा वास स्टॉकफिशच्या वेगात मिसळला. २०२४ च्या सुरुवातीला १६.१ मधून हाताने लिहिलेलं मूल्यमापन पूर्ण काढूनच टाकलं. ज्यांनी त्यात वर्षानुवर्षं एकेक वजन घासलं होतं त्यांच्यासाठी जरा वाईट वाटलं मला, पण ताकदीपुढे कोण बोलणार.

आता तुमच्या +०.७ कडे. स्टॉकफिश १५.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, आकड्याचं परिमाणच बदललंय. +१.०० म्हणजे आता "एक प्यादं" नव्हे, तर इंजिन विरुद्ध इंजिन खेळलं तर जिंकायची शक्यता ५० टक्के. पाव-अर्ध्या-पाऊणला ती शक्यता पुष्कळ कमी, आणि उरलेलं जवळजवळ सगळं बरोबरीत. म्हणजे व्होल्गात +०.७ याचा अर्थ "काळ्याला प्याद्याच्या बदल्यात फक्त ०.३ मिळालं" असा लावणं चूक. अर्थ एवढाच की दोन परिपूर्ण खेळाडूंमधे काळ्याला बरोबरीसाठी घाम गाळावा लागेल. तुमच्या समोरचा परिपूर्ण नाही, आणि त्याला तीस चाली बी२ आणि ए२ राखत बसायचंय.

मग कॉम्पेन्सेशन मोजायचं कसं, तर मी काय करतो ते सांगतो. स्टॉकफिश कमांड लाईनवर उघडून पट भरायचा आणि नुसतं "इव्हॅल" टाईप करायचं. ते सर्च न करता नेटवर्कचं मत छापतं, मटेरियलचा भाग आणि पोझिशनचा भाग वेगळे करून, आणि शिवाय पटावर प्रत्येक मोहऱ्याखाली "हा उचलला तर आकडा कितीने बदलेल" तेही. (राजाला शह असेल तर काही देत नाही, गोंधळू नका.) व्होल्गात जी७ च्या उंटाखालचा आकडा पांढऱ्याच्या उंटाशी ताडून बघा, तिथेच प्यादं कुठे गेलं ते दिसायला लागतं. मटेरियलचा भाग म्हणजे शाळेतले १-३-५ नाहीत, ते नेटवर्कने आपल्या सोयीने वाटून घेतलेलं असतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर जाऊ नका, दोन पट शेजारी ठेवून फरक बघा.

दुसरं, प्यादं परत ठेवून बघणं. हे सगळ्यांना सुचतं आणि बहुतेक जण चुकीचं करतात. व्होल्गात काळ्याचं ए७ चं प्यादं परत ठेवलं तर प्यादं आलं पण ए फाईल बंद झाली, म्हणजे जे मोजायचं तेच मोडलं. त्याऐवजी पांढऱ्याचं एक काढा. ए२ काढलं तर काळ्याला मारायला लक्ष्यच उरत नाही, एच२ काढलं तर भलतीच फाईल उघडते. प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो, आणि मला वाटतं त्या वेगवेगळ्या आकड्यांतच खरी माहिती आहे: प्याद्याची किंमत इथे एक नाहीच, ते कुठलं प्यादं यावर सगळं. मी तीन-चार प्रकारे काढून बघतो आणि कुठल्या बदलाने आकडा सगळ्यात जास्त हलला ते लिहून ठेवतो.

तिसरं, वजीर दोन्ही बाजूंचे उचलून टाका आणि परत तपासा. डॅनिश किंवा किंग्ज गॅम्बिटसारख्या ठिकाणी काळ्याच्या बाजूने आकडा उडी मारतो. व्होल्गात माझ्या अनुभवात फारसा हलत नाही. टिकाऊ आणि विरघळणारं कॉम्पेन्सेशन ओळखायची यापेक्षा स्वस्त चाचणी मला माहीत नाही. तसंच एक चाल "पास" देऊन बघा, प्यादं दिलेल्या बाजूने काहीच केलं नाही तर किती पडतं. एका पासने एकदम अर्धं प्यादं गेलं तर सगळी मदार गतीवर आहे, प्रत्येक चाल नेमकी पाहिजे, आणि तसा पट रविवारच्या रॅपिड स्पर्धेत खेळायचा का ते तुम्ही ठरवा.

आणि बचाव करणाऱ्याच्या चाली मोजा. मल्टी पीव्ही (एकाच वेळी किती चांगल्या चाली दाखवायच्या त्याची सेटिंग) पाचवर ठेवा. पाचही चाली +०.५ ते +०.७ मधे असतील तर बचाव सोपा आहे, तुमची आवळा देऊन कोहळा काढायची आशा जरा कमी. पहिली +०.७ आणि दुसरीच ०.०० असेल, आणि असं सलग चार-पाच चाली होत असेल, तर इंजिनचा +०.७ हा कागदावरचा आहे, माणूस तिथे पोचत नाही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण माझ्या मते २००८ ची बॉन इथली मॅच, आनंद विरुद्ध क्रामनिक, तिसरा आणि पाचवा डाव. सेमी-स्लाव्ह ओपनिंगचा मेरान प्रकार, आणि काळ्याने १४...उंट बी७ करून बी५ चं प्यादं सोडून दिलं. बदल्यात अर्धी मोकळी जी फाईल हत्तीसाठी आणि बी७ चा उंट सरळ पांढऱ्या राजाच्या दिशेने रोखलेला. आनंदने दोन्ही डाव काळ्याने जिंकले. तो पट आजच्या इंजिनात भरून बघा, वरचा आकडा वाचू नका, पांढऱ्याला प्रत्येक चालीला किती चांगले पर्याय आहेत ते मोजा. क्रामनिकसारखा खेळाडू घड्याळ चालू असताना तिथे का अडकला ते कळेल.

एक बारीक गोष्ट राहिली. काहीही न घडता चाली होत राहिल्या, पन्नास चालींचा नियम जवळ येऊ लागला, की स्टॉकफिश आकडा हळूहळू शून्याकडे ओढतं. त्यामुळे व्होल्गात इंजिन डावावर सोडून दिलं आणि +०.७ चा +०.३ झाला तर लगेच "काळ्याने बरोबरी केली" म्हणू नका. कधीकधी खरंच केलेली असते, कधी नुसता घड्याळाचा परिणाम असतो. प्यादं पुढे ढकललं की आकडा परत वर येतो का ते बघितलं की कळतं.

तुमच्यासाठी लगेच करण्यासारखं म्हणजे ५.बी गेलं ए६ वर तिथे थांबा. जुनी सवय ५...उंटाने ए६ मारायची. आजकाल बरेच जण आधी ५...जी६ करतात आणि ए६ चं प्यादं तसंच लटकत ठेवतात, म्हणजे ते उंटाने, घोड्याने की हत्तीने घ्यायचं हे नंतर ठरवता येतं. दोन्ही चाली स्वतः बोर्डवर करून, प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं देऊन, लीला आणि स्टॉकफिश दोघांना विचारा, आणि जिंकणे-बरोबरी-हरणे हे लीलाचे तीन आकडे लिहून ठेवा. मग पांढऱ्याने प्यादं घ्यायचं नाकारलं तर, म्हणजे ५.बी६ किंवा ४.घोडा एफ३, तेही बघा, कारण क्लबमधे निम्मे लोक प्यादं घेतच नाहीत, आणि मग हा सगळा हिशोब दुसऱ्याच पटावर करावा लागतो.